तासाला एक्केचाळीस वेळा

३ फेब्रुवारी, मंगळवार

गाडी थांबली तेव्हा मी झोपेत होते.

लिहिलं एकदाचं! दिवसभर हे वाक्य ओठांशी येत होतं आणि मी ते गिळत होते. ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकांना सांगितलं, "क्षणभर लक्ष उडालं." नवऱ्याला तर काहीच सांगितलं नाही. पण इथे कुणापासून लपवायचं?

बावीस वर्षं मी लोकांना गाडी शिकवतेय. शिकणारा स्टिअरिंगवर, मी शेजारी, आणि माझ्या पायाखाली माझा वेगळा ब्रेक. सगळी भिस्त त्या ब्रेकवर. समोरचा गोंधळला, हातपाय गाळून बसला, की मी दाबायचा. आज माझे पाय सीटखाली दुमडलेले होते आणि डोकं खिडकीला टेकलेलं.

शिकायला होत्या बालवाडीच्या बाई. चाळिशीच्या, गोल चष्म्याच्या. मोठ्या माणसांशीही चार वर्षांच्या पोराशी बोलावं तशा बोलतात. त्यांची ही सहावी फेरी. दुपारचे अडीच, काचेतून ऊन, रस्ता सरळ. डोळ्यांवर झापड आली एवढंच आठवतंय. मग — "मॅडम, उठा! पट्टे आले!" — आणि धक्का.

ब्रेक त्यांनीच मारला होता. समोर पांढऱ्या पट्ट्यांवर एक माणूस बाबागाडी ढकलत चालला होता. मी उतरून पाहिलं. बंपर आणि बाबागाडीच्या मध्ये माझी एक वीत बसली असती. फार तर.

 तो माणूस नुसता बघत राहिला माझ्याकडे. आत बाळ झोपलेलं होतं. त्याला काही पत्ताच नाही!

बालवाडीच्या बाई मात्र खुशीत. "मी स्वतः मारला ब्रेक! एकटीने!" मग माझा चेहरा बघून आवाज खाली आणला — "तुम्हाला बरं वाटत नाहीये का?"


४ फेब्रुवारी, बुधवार

मालकांना कळलंच. बाईंनी सांगितलं नाही. बाबागाडीवाल्याने आमच्या गाडीवरचा नंबर वाचून फोन केला. बरोबरच केलं.

मालक ओरडले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी खुर्ची पुढे केली. पाणी दिलं. "किती दिवस चाललंय हे?"

मी म्हटलं, "थोडी दमते हल्ली."

"मॅडम, मागच्या महिन्यात तुम्ही इथे, या खुर्चीत, माझ्याशी बोलता बोलता झोपला होतात. मी पाच मिनिटं गप्प बसून राहिलो. उठवायचा धीर झाला नाही."

मला आठवतही नाही!

डॉक्टरांचा कागद आणेपर्यंत गाडीत बसायचं नाही. वर्गात शिकवायचं. सहा बाकं, भिंतीवर रस्त्यावरच्या खुणांचा तक्ता, टेबलावर चार खेळण्यातल्या गाड्या. "उजवीकडे वळताना आधी कुणाला जाऊ द्यायचं?" हे दिवसातून चारदा.

घरी सगळं सांगितलं. नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. काही बिघडलंय म्हटलं की त्याचा चेहरा उजळतो. आज नाही उजळला. घास तसाच हातात. "अगं, माणूस होता ना तिथे," एवढंच म्हणाला.


९ फेब्रुवारी, सोमवार

डॉक्टरांकडे. नवराही आला.

"घोरता का?"

"मला कसं कळणार? मी झोपलेली असते."

"घोरते," नवरा म्हणाला. "वरच्या मजल्यावरचे विचारतात, रात्री ड्रिल कोण चालवतं." डॉक्टर हसले, मीही हसले. तो मात्र हसला नाही. म्हणाला, "घोरण्याचं काही नाही, डॉक्टर. ती मधेच थांबते. एकदम चिडीचूप. आणि मग पाण्यातून वर आल्यासारखा आवाज करून परत सुरू."

हे त्याने मला कधीच सांगितलं नव्हतं. 

डॉक्टरांनी घशात बॅटरी मारली, मान टेपने मोजली. वजन जास्त नाही, पण घसा जन्मापासूनच अरुंद म्हणे. "घरात कुणाला होतं?"

"वडील फार घोरायचे."

"कसे आहेत आता?"

"सहा वर्षं झाली. झोपेत गेले."

डॉक्टर लिहीत होते. पेन थांबलं. मग परत लिहायला लागले. "भाऊ, बहीण?"

"एक मोठा भाऊ."

"तो घोरतो?"

"माहीत नाही."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. माहीत कसं नाही! लग्न होईपर्यंत आम्ही दोघं शेजारशेजारच्या खोल्यांत झोपायचो. भिंत होती की कागद, कळायचं नाही.


१२ फेब्रुवारी, गुरुवार

रात्री झोपेची तपासणी. डोक्याला वायरी, छातीला पट्टे, नाकाखाली नळी, बोटाला चिमटा. एवढं सगळं बांधून झाल्यावर ती मुलगी म्हणते, "आता नेहमीसारखं झोपा हं!"

आणि मी झोपले! दोन मिनिटांत. तिलाच धक्का बसला.


१६ फेब्रुवारी, सोमवार

तासाला एक्केचाळीस वेळा श्वास थांबतो. एका रात्रीत तीनशेच्या वर. सगळ्यात लांब थांबा — बावन्न सेकंद. दर वेळी मेंदू दचकून उठतो, श्वास घेतो, परत झोपतो. मला काही कळत नाही. म्हणजे मी रात्रभर झोपतच नाही! वर्षानुवर्षं!

घरी आल्यावर नवऱ्याने घड्याळ समोर ठेवलं, श्वास रोखला. पस्तीसला लालबुंद होऊन सोडला. मग घड्याळ पालथं घातलं आणि उठून गॅलरीत गेला. बराच वेळ आला नाही.


१८ फेब्रुवारी, बुधवार

मशीन आणलं. बुटांच्या खोक्याएवढं. त्याला लांब नळी, नळीच्या टोकाला मास्क. त्यातून रात्रभर हवा नाकात ढकलली जाणार, म्हणजे घसा मिटणार नाही. वाफेसाठी छोटी पाण्याची टाकीही आहे.

ते बसवून देणारी पोरगी पंचविशीची. पुठ्ठ्याच्या पट्टीने माझं नाक मोजलं. "मध्यम," म्हणाली. बावन्न वर्षांत माझ्या नाकाबद्दल कुणी इतकं सभ्यपणे बोललेलं नाही.

अट अशी — रोज निदान चार तास, सलग तीस रात्री. मग डॉक्टर कागद देणार.

"आणि मी खोटं सांगितलं तर?"

"मशीन लिहून ठेवतं, काकू. कधी लावला, कधी काढला, सगळं."

"म्हणजे चुगलखोर आहे!"

"तुमच्या बाजूचा चुगलखोर," ती म्हणाली. हुशार आहे.


१९ फेब्रुवारी, गुरुवार

अडतीस मिनिटं.

आरशात पाहिलं — विमान उडवायला निघालेली बाई. दिवा मालवला. हवा सुरू झाली. आधी झुळूक, मग वारा, मग तर वादळच! श्वास सोडायला गेले तर समोरून ढकलतंय कुणीतरी. "अहो, थांबा" म्हणायला तोंड उघडलं, तर नाकातून आलेली हवा भस्सकन तोंडातून बाहेर! गाल फुगले. फुग्यासारखे. घाबरून पट्टे ओढले, ते केसांत अडकले. नवरा बाहेरच्या खोलीतून धावत आला. त्याने दिवा लावला आणि मला बघून... हसू दाबलं. मला दिसलं ते.


२० फेब्रुवारी, शुक्रवार

एक तास दहा मिनिटं. सकाळी मास्क पलंगाखाली. कधी काढला? देव जाणे.


२२ फेब्रुवारी, रविवार

गालांवर पट्ट्यांचे वळ दुपारपर्यंत जात नाहीत. काल वर्गात एकाने विचारलं, "मॅडम, मांजर पाळलंय का?" मी हो म्हटलं. आता मांजराचं नावही विचारतील.

नळीत रात्री पाणी साचतं आणि कानाशी गुडगुड होते. हुक्का ओढतंय कुणी असं वाटतं. नवऱ्याला सांगितलं — आणि चेहरा उजळला! माहितीपुस्तक पेन घेऊन वाचून काढलं. "अगं, खोली गार, नळीतली हवा गरम. पाणी धरणारच." माझ्या जुन्या लोकरी मोज्यांचे पंजे कापून नळीला पांघरूण केलं. पलंगाच्या डोक्याशी हूक ठोकून नळी वरून आणली. "आता कूस बदललीस तरी गुंतणार नाही." दोन तास खपला. लिफ्ट तपासतात तसं चारदा खालीवर करून पाहिलं.

गुडगुड बंद. झोप मात्र नाही.


२४ फेब्रुवारी, मंगळवार

नाही जमत.

नाकावर काही ठेवलं की छातीत गोळा येतो. पुरलंय मला कुणीतरी असं वाटतं. काल रात्री बारा मिनिटं. बारा! रडले. मास्क लावून रडायची सोयही नाही, नाक बंद होतं आणि मशीन आणखी जोर लावतं.

नोकरी सोडते झालं. वर्गातच शिकवीन आयुष्यभर. नाहीतर घरी बसून शिवणकाम करीन. शिवणयंत्रावर झोपले तर कुणाची बाबागाडी जात नाही मध्ये.

हे लिहिलं आणि तो माणूस डोळ्यांसमोर आला. त्याचं ते नुसतं बघणं.


२५ फेब्रुवारी, बुधवार

मास्कवाल्या पोरीला फोन केला. मला वाटलं, रागवेल. ती म्हणाली, "काकू, झोपेचं विसरा. दिवसा लावा. घरातली कामं करा लावून. नाकाला कळू दे, की याने काही मरत नाही."

म्हणून संध्याकाळी मास्क लावून कपड्यांच्या घड्या घातल्या. पेपर वाचला. दाराची बेल वाजली, तशीच गेले — विसरलेच! पार्सलवाला दोन पायऱ्या मागे सरकला. पार्सल उंबऱ्यावर ठेवलं, म्हणाला, "सही नको, बाई. काळजी घ्या." आणि पळाला!

इतकी हसले की मास्क सुटून आला. मोजलं तेव्हा कळलं — पन्नास मिनिटं घातला होता, आणि एकदाही आठवण झाली नाही त्याची.


२७ फेब्रुवारी, शुक्रवार

चार तास बारा मिनिटं!!

काल रात्रीचा आकडा. नवऱ्याने तो कॅलेंडरवर लाल पेनने लिहिला. पहिली रात्र. अजून एकोणतीस.


१ मार्च, रविवार

स्वप्न पडलं. फालतू स्वप्न — मी एका लांबलचक टेबलाखाली चप्पल शोधतेय आणि सगळे म्हणताहेत, अगं ती पायातच आहे. पण स्वप्न! किती वर्षांनी! माझं स्वप्नांचं खातं बंदच झालंय असं मी धरून चालले होते. वय झालं म्हणून.

आणि सकाळी काही दुखत नव्हतं. डोकं दुखणं म्हणजेच सकाळ, असं मला वाटायचं. उठून खिडकीशी उभी राहिले. समोरच्या इमारतीवर कुणीतरी चादरी वाळत घालत होतं. दहा मिनिटं ते बघत होते. नुसतं बघत. पेंग न येता.


४ मार्च, बुधवार

चार वर्षांपूर्वी नवरा बाहेरच्या खोलीत झोपायला गेला. पाठीसाठी. तिथला पलंग कडक आहे म्हणे. काल सहज विचारलं, "पाठ कशी आहे रे?"

"पाठीला काय झालंय?"

मग त्याच्या लक्षात आलं. कान लाल झाले.

"सांगायचं होतंस ना," मी म्हटलं.

"काय सांगणार? तू झोपलीस की मी जागा. तू थांबलीस की मी उठून बसायचो. परत सुरू झालीस की आडवा. सकाळी लिफ्टच्या शाफ्टमध्ये शिडीवर चढायचं असायचं मला. एक दिवस पाय सटकला. त्या दिवशी उशी उचलली." मग म्हणाला, "लाज वाटली गं. तुला एकटीला तशी टाकून गेलो."

मला राग यायला हवा होता. नाही आला. या माणसाने किती रात्री माझ्यासाठी उठबस केली, आणि मला पत्ता नाही.

आज तो उशी घेऊन परत आला.


५ मार्च, गुरुवार

हा घोरतो! चक्क! एकतीस वर्षांच्या संसारात मला माहीतच नव्हतं. मीच आधी झोपायचे ना. विशेष काही नाही, म्हाताऱ्या मांजराएवढं. आणि मधे थांबत नाही. मी लक्ष देऊन ऐकलं.

सहा तास पाच मिनिटं.


६ मार्च, शुक्रवार

डॉक्टरांना दाखवायला गेले होते. तासाला एक्केचाळीसचे तीन झालेत. डॉक्टर खूश. मी पर्स उचलली, दारापर्यंत गेले आणि परत फिरले.

"माझ्या वडिलांना हेच होतं का?"

त्यांनी चष्मा काढला. "ज्यांना मी तपासलं नाही त्यांच्याबद्दल नाही सांगू शकत. असेल. नसेल. हृदयाचं काही असेल. पण तुमच्या भावाला तपासून घ्यायला सांगा. ते मात्र आजच सांगा."

आज सांगा! यांना काय जातंय.

आता लिहितेच. सहा वर्षांत या वहीत दादाबद्दल एक ओळ नाही.

बाबा शेवटी दादाकडे होते. कंबरेचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन झालं होतं. रात्री उठवायला, धरायला कुणी हवं म्हणून दादा त्यांच्याच खोलीत खाट टाकून झोपायचा. त्यांचं घोरणं तर सगळ्या गल्लीला ठाऊक. चौथ्या दिवशी सकाळी वहिनी चहा घेऊन गेली तर बाबा गार पडलेले. आणि दादा शेजारी गाढ झोपलेला. वहिनीनेच त्याला हलवून उठवलं.

सगळे म्हणाले, किती सुखाचं मरण. झोपेत गेले. मी तीन तास गाडी चालवत पोचले. दारात शेजारीपाजारी उभे होते. दादा पुढे आला आणि मी सगळ्यांसमोर म्हणाले —

"तू शेजारी होतास. आणि तुला कळलंसुद्धा नाही?"

 भांडला असता, चार शब्द सुनावले असते, तर मीही रडले असते आणि संपलं असतं. तो फक्त बाजूला झाला, मला आत जायला वाट दिली. त्यानंतर आम्ही बोललोच नाही. लेकीच्या लग्नाला वहिनी एकटी आली. "त्यांना ताप आहे," म्हणाली. माझ्याकडे न बघता.

मी समजत होते, तो अढी धरून बसलाय. मीही बसले. आता विचार करते — मला स्वतःचा श्वास तीनशे वेळा थांबलेला कळला नाही, आणि झोपलेल्या माणसाला दुसऱ्याचा कळायला हवा होता? मी आरोप तरी कसला केला!


८ मार्च, रविवार

फोन हातात घेतला. ठेवला. भांडी घासली. घेतला. ठेवला. भांडी परत घासली.


९ मार्च, सोमवार

केला.

वहिनीने उचलला. "तू?" मग लगेच, "सगळे बरे आहेत ना?" घरात कुणी गेल्याशिवाय मी फोन करणार नाही, असं धरून चाललीय बिचारी.

मी विचारलं, "वहिनी, दादा घोरतो?"

 वहिनी म्हणाली, "सहा वर्षांनी फोन करून हे विचारतेस?" — आणि हसायलाच लागली. हसता हसता रडायला. "मी कानात कापूस घालते गं. कापूस काढला तर आणखी भीती वाटते. मधेच काही ऐकूच येत नाही."



तिने त्याला फोन दिला. "काय आहे?" दादाचा आवाज. जाडा झालाय. मी घाईघाईने मशीन, मास्क, डॉक्टर सगळं एका दमात सांगितलं. वर्गात खुणा शिकवते तसं.

"मी ठणठणीत आहे," म्हणाला. "मला असलं काही नको." आणि फोन ठेवला.

ठणठणीत! मीही तेच म्हणायचे.


१२ मार्च, गुरुवार

मेसेज लिहिला. पाच वेळा खोडला. शेवटी एवढाच पाठवला — "दादा, त्या दिवशी दारात बोलले ते चुकलं माझं. झोपलेल्या माणसाला कळत नाही. तुझा काही दोष नव्हता. तपासून घे."

वाचल्याची खूण आली. उत्तर नाही.


१५ मार्च, रविवार

उत्तर नाही. सात तास. मास्कची आता आठवणही येत नाही. नाक खाजलं तर झोपेतच वरून खाजवते म्हणे. नवऱ्याने बघितलं.


२३ मार्च, सोमवार

सर्दी. नाक चोंदलेलं. वाटलं, आजची रात्र चुकली की मोजणी पहिल्यापासून! मास्कवालीने टाकीची वाफ वाढवायला सांगितली. उशा दोन घेतल्या. चार तास वीस मिनिटं. ओढूनताणून, पण झाले!


३० मार्च, सोमवार

कागद मिळाला! तीस रात्री. मास्कवाल्या पोरीने टाळ्या वाजवल्या. तिला म्हटलं, "तुझा चुगलखोर गुणी आहे."

मालकांनी कागद दोनदा वाचला. मग ड्रॉवरमधून किल्ली काढून टेबलावर ठेवली. "रोजचे तास मला दाखवायचे. सहा महिने." मी म्हटलं, "वर्षभर दाखवते."


३१ मार्च, मंगळवार

बालवाडीच्या बाई थांबल्या होत्या माझ्यासाठी! दुसऱ्या शिक्षकाबरोबर एकही फेरी केली नाही. "मला नवीन माणसांची सवय व्हायला वेळ लागतो," म्हणाल्या. मग सीटबेल्ट लावताना माझ्याकडे निरखून बघत, "झोप झाली का नीट?"

"झाली, बाई."

"शहाणी!"

तोच रस्ता. तेच अडीच. पट्टे आले. बाईंनी आपणहून वेग कमी केला, थांबल्या. दोन म्हाताऱ्या आणि एक सायकलवाला रस्ता ओलांडून गेले. माझा पाय ब्रेकवर तयार होता. दाबायची वेळ आली नाही. पण होता.


१ एप्रिल, बुधवार

वहिनीचा फोन. दादा तपासणीला तयार झालाय! आपणहून. त्यांच्या गावात सोय नाही, म्हणून इथेच, माझ्याच डॉक्टरांकडे. शनिवारी रात्री. शुक्रवारी आमच्याकडे मुक्काम. एकटा येणार.

"काय बोलून तयार केलंस?" मी विचारलं.

"मी काही नाही. तुझा मेसेज रोज उघडून बघतो. काल बघता बघता म्हणाला, हिला खरं सांगायला हवं."

काय खरं? वहिनीलाही माहीत नाही.

बाहेरच्या खोलीतल्या पलंगावर धुतलेली चादर घातली. उशीचा अभ्रा दोनदा बदलला.


३ एप्रिल, शुक्रवार

दादा आला. केस सगळे पांढरे झालेत. जेवणं झाली. नवरा मुद्दाम लवकर आत गेला. मग दादा बोलला, जमिनीकडे बघत.

"तू लिहिलंस ना, झोपलेल्या माणसाला कळत नाही. मी जागा होतो गं. तीन रात्री त्यांच्या घोरण्याने डोळ्याला डोळा लागला नव्हता. चौथ्या दिवशी पहाटे आवाज थांबला. मला वाटलं, सुटलो. आणि मी कूस बदलून झोपलो."

 त्याचा हात धरून बसले. कितीतरी वेळ. सोडवून घेतला नाही त्याने.

आता तो बाहेरच्या खोलीत झोपलाय. मालकांना कळवलंय, उद्या येत नाही. मशीन बंद आहे, मास्क हुकाला. खुर्ची दाराशी ओढून बसलेय.

घोरतोय. थांबला की उठवीन.